दोन खून, एक सूड

माझ्या वडिलांचा वर्षातून एकदा खून व्हायचा आणि तो बघायला आम्ही मायलेकी ठेवणीतली कापडं घालून गडमुडशिंगीहून कोल्हापुरात जायचो. खून भर दुपारी व्हायचा, कारण संध्याकाळी नाट्यगृह ऑर्केस्ट्रावाल्यांना दिलेलं असे आणि हौशी मंडळींच्या वाट्याला रविवारची दुपार यायची. नाटकाचं नाव ‘सुडाचा विडा’. कधीकाळी कुणा संस्थानी कारकुनानं लिहिलेलं पाच अंकी सूडनाट्य. जुन्या लोकांना ते अभिजात वाटायचं, कारण त्यांच्या वडिलांनाही ते तसं वाटलं होतं. याहून वेगळं कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. हे नाटक मी पूर्ण कधीच पाहिलं नाही. अप्पा पहिल्याच अंकात मरायचे, पडदा पडला की तोंडाचा रंग पुसून बाहेर यायचे, आणि आम्ही तिघं बस धरून घरी यायचो. उरलेले चार अंक मी छापील पुस्तकात वाचले आणि पाहिले नाहीत याबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं. पहिला अंक मात्र मला पाठ आहे. आता पन्नाशी आली, पाहुण्यांची नावं विसरते, पण तो अंक डोक्यातून जात नाही.

पडदा उघडला की राजवाड्याचं महाद्वार दिसावं अशी अपेक्षा असे. दिसायचा तो एक निळा पडदा, ज्यावर कुठल्यातरी लग्नाच्या मांडवातले दोन मोर शिवलेले होते. मोरांच्या मधोमध तिवईवर ताट आणि ताटात पानाचा विडा. हा विडा अंकाच्या शेवटी राजपुत्र उचलणार, म्हणजे बापाच्या सुडाची प्रतिज्ञा करणार. तो नोकरानं आयत्या वेळी आणायचा असं पुस्तकात आहे, पण नोकराचं काम करायला मंडळात कुणी राजी नसे. त्यामुळे ताट सुरुवातीपासूनच मांडलेलं असायचं. राजाचा खून होणार आहे हे वाड्यातल्या सगळ्यांना आधीच कळवून ठेवलंय की काय, असं वाटे. द्वारावर भाला घेऊन पहारेकरी रायनाक उभा. हे अप्पा. त्यांना तीन वाक्यं होती: ‘कोण आहे तिकडे?’, ‘या वेळी आत कुणालाही सोडण्याचा हुकूम नाही, सरकार’ आणि ‘महाराज, सावध!’ तिसरं वाक्य पुरं होईतो दिवाण भैरोजी तलवार खुपसायचा आणि अप्पा पडायचे. मग आत पडद्यामागे राजा ओरडायचा. तो मेला हे प्रेक्षकांना कळावं म्हणून जरा जास्तच ओरडायचा.

दिवाण भैरोजी म्हणजे नानासाहेब. हे एका पतसंस्थेचे चेअरमन आणि नाट्यमंडळाचे अध्यक्ष. दिग्दर्शकही तेच, कारण त्यांना काय करावं हे सांगायची कुणाची छाती नव्हती. घामानं त्यांची मिशी सुटायची, तेव्हा ते एका हातानं मिशी धरून दुसऱ्या हातानं खून करायचे. वाक्यं त्यांना कधी पाठ नसत. विंगेत एक निवृत्त गुरुजी पुस्तक घेऊन बसलेले असत आणि त्यांचा आवाज नानासाहेबांहून खणखणीत होता. मागच्या रांगेतली माणसं तर गुरुजींचंच नाटक ऐकून घरी जात. राजपुत्राचं काम नानासाहेबांचा पुतण्या करायचा. तो केस उडवत यायचा, दारात पडलेल्या अप्पांना ओलांडून पलीकडे जायचा आणि आतून आणून ठेवलेल्या राजाच्या छातीवर डोकं आपटून रडायचा. मग उठून, दोनदा घसा खाकरून, विडा उचलायचा. टाळ्या पडत. त्या सगळ्या वेळात माझे वडील एका कुशीवर पडलेले असत. त्यांच्याकडे स्टेजवरचं कुणी चुकूनसुद्धा बघत नसे.

आता त्या नावाविषयी. पूर्वी आमच्या महार लोकांच्या नावापुढं ‘नाक’ लागायचं, हे कोल्हापूर भागात शाळेचं तोंड न बघितलेल्यालाही ठाऊक असतं. मंडळात वकील होते, दुकानदार होते, उसाचे बागायतदार होते. आमच्यातले एकटे अप्पा. रायनाक कोणी करायचा, हा प्रश्न तिथं कधी निघाला नाही. विहारात वंदना सांगताना अप्पांचा आवाज इतका स्वच्छ लागायचा की रस्त्यावरची माणसं थांबत. त्या आवाजाला मंडळानं तीन वाक्यं दिली. ‘तुझ्याशिवाय हे काम कोण करणार रं?’ असं नानासाहेब म्हणायचे आणि अप्पा ते कौतुक समजून घरी येऊन सांगायचे. आई भाकरी थापता थापता म्हणायची, ‘व्हय की. मरायला दुसरं कोण मिळतंय?’

अप्पांनी मरण्यावर मेहनत मात्र फार घेतली. नाटकाच्या आधी पंधरवडाभर आमच्या पुढच्या सोप्यात रोज संध्याकाळी धप्प असा आवाज यायचा. शेजारच्या आक्का भिंतीपलीकडून विचारायच्या, ‘काय पडलं गं?’ आई सांगायची, ‘मालक पडलं. मरायची प्रॅक्टिस चाललीया.’ नाटकाच्या दिवशी ती पहाटे उठून मटण शिजवायची. खोबरं भाजल्याचा आणि कांदा-लसूण चटणीचा वास आमच्या अंगावरच्या कापडांना धरून नाट्यगृहापर्यंत यायचा. अप्पा मात्र जेवायचे नाहीत. भरल्या पोटानं पडलं की श्वास दिसतो, पोट वरखाली होतं, असं त्यांचं म्हणणं. ते सकाळपासून चहावर असत आणि परत आल्यावर रस्सा ओरपत. मेलेल्या माणसाला इतकी भूक लागलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. लहानपणी मला या सगळ्याची गंमत वाटायची. पुढं वाटेनाशी झाली.

ती का, ते सांगते. अप्पा नानासाहेबांच्या त्याच पतसंस्थेत शिपाई होते. नाटकातलं नाव कधी आणि कुणी संस्थेत आणलं ते मला माहीत नाही, पण मला कळायला लागलं तेव्हा अप्पांना तिथं दुसरं नाव उरलं नव्हतं. ‘रायनाक, च्या सांग.’ ‘रायनाक, पावण्यांना पाणी दे.’ नानासाहेबांनी सुरू केलं, कारकुनांनी उचललं, मग खातेदारही तसंच म्हणायला लागले. एका नव्या कारकुनाला तर ते खरंच नाव वाटलं. त्यानं बहिणीच्या लग्नाची पत्रिका दिली, तिच्यावर हळदीचं बोट लावून नीट अक्षरात लिहिलं होतं: श्री. रायनाक, सहकुटुंब सहपरिवार. अप्पा हसले. आई हसली नाही. मी त्या लग्नाला गेले नाही आणि अप्पांशी दोन दिवस बोलले नाही. त्यांचं नाव महादेव कांबळे होतं. मला एवढंच हवं होतं, की माझ्या बापाला त्या इमारतीत कुणीतरी त्याच्या नावानं हाक मारावी. हे काही फार मोठं मागणं नव्हतं, पण ते मागायला अप्पांना तोंड नव्हतं आणि मला तिथं कुणी विचारत नव्हतं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मी एका सांजदैनिकात किरकोळ मजकूर लिहायला लागले. पाणी कुठं आलं नाही, कुठल्या तालमीनं रक्तदान केलं, असलं. संपादकांना सगळे भाऊ म्हणायचे. त्यांनी आयुष्यात काही वाचलं असेल तर त्या जाहिराती. त्या वर्षी ‘सुडाचा विडा’चं परीक्षण लिहायला कुणीच तयार होईना, कारण परीक्षण लिहायचं म्हणजे नाटक बघणं आलं. भाऊ मला म्हणाले, ‘तू जा गं सुजाता. थोडक्यात लिही. नाव घालायचं न्हाय, आमच्या प्रतिनिधीकडून म्हणायचं.’ मी म्हटलं, ‘मी पहिल्याच अंकाचं लिहीन. त्याच्या पुढं आम्ही थांबत नाही.’ ते म्हणाले, ‘एका अंकाचं लिहिलंस तरी चालतंय की. पुढं तीच माणसं असणार.’ भाऊंच्या तोंडून निघालेलं हे एकमेव खरं साहित्यिक मत.

मी लिहिलं. ‘या नाटकात पहिल्याच अंकात दोन खून होतात,’ अशी सुरुवात केली. ‘त्यांपैकी एकाचा सूड घेण्यासाठी पुढे चार अंक खर्ची पडतात. दुसऱ्याला राजपुत्र ओलांडून जातो. त्याचा सूड कुणी घ्यायचा, हे नाटककाराला सुचले नाही आणि इतक्या वर्षांत मंडळालाही सुचलेले नाही.’ मग नानासाहेबांवर आले. दिवाणाचे काम करणारे गृहस्थ पहारेकऱ्याला तलवारीने मारतात की कंटाळ्याने, हे कळत नाही, असं लिहिलं. मिशीवर एक वाक्य, मोरांवर एक, गुरुजींच्या आवाजावर दोन. रायनाक हे नाव ज्या सहजतेने वाटले जाते तिच्यावरही एक लिहिलं. आणि शेवटी: ‘पहारेकरी इतका मुकाट मरतो, की त्याच्या घरी बायकापोरे आहेत याचा नाटककाराला पत्ता नसावा, आणि त्यालाही नसावा.’ हे शेवटचं वाक्य अप्पांना लागेल हे मला ठाऊक होतं. म्हणूनच ते लिहिलं. पुढं बऱ्याच जणांनी मला सुचवलं, की बापाविषयी असं लिहिल्याचं वाईट वाटायला हवं. मला ते तेव्हा वाटलं नाही आणि आताही वाटत नाही.

भाऊंनी मजकूर वाचला नाही. मथळा त्यांनी गेल्या वर्षीचाच काढून वर बसवला: ‘‘सुडाचा विडा’ला रसिकांची भरभरून दाद’. खाली माझं सगळं जसंच्या तसं. शेजारी नानासाहेबांचा मिशीसह फोटो. अंक बाजारात गेला आणि मी घरात जीव मुठीत धरून बसले. काहीच झालं नाही. कोल्हापुरातल्या एकाही रसिकानं मथळ्याच्या खाली उतरायची तसदी घेतली नव्हती. उलट नानासाहेबांना अभिनंदनाचे फोन आले. त्यांनी ते कात्रण पतसंस्थेच्या दारातल्या काचेआडच्या फळ्यावर, व्याजाच्या दरांच्या शेजारी, लावायला सांगितलं. असली कामं शिपायाची असतात. चार कोपऱ्यांना चार टाचण्या मारताना ते कात्रण संपूर्ण वाचणारा त्या इमारतीतला एकटा माणूस म्हणजे माझे वडील.

त्या संध्याकाळी अप्पा जेवायला बसले. आमटीत भाकरी कुस्करली, पण घास उचलला नाही. आईला म्हणाले, ‘आज संस्थेत नाटकाचं कात्रण लावलं.’

‘चांगलं लिव्हलंय म्हणं,’ आई म्हणाली. गल्लीत तसंच पसरलं होतं.

‘वरचं चांगलं हाय. खालचं वाचाय साहेबांकडं चष्मा न्हवता.’ मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, ‘त्या पहारेकऱ्याच्या घरी बायकापोरं हायत, हे त्याला म्हाईत न्हाय व्हय गं?’

नाव छापलं नसलं तरी त्यांना कळलं होतं. तो अंक इतक्या वेळा बघून एवढी चिडलेली दुसरी कोण असणार? मी म्हटलं, ‘माहीत आहे तर मग तो मुकाट का पडतो?’

‘पुस्तकात तसं हाय.’

‘आणि संस्थेत? ते कुठल्या पुस्तकात आहे, अप्पा?’

आईनं माझ्या ताटात भाकरी आपटली, म्हणजे गप्प बस. अप्पांनी सगळं जेवण संपवलं, ताटात पाणी ओतून हात धुतला आणि अंगणात जाऊन बसले. त्यानंतर सोप्यातला धप्प आवाज बंद झाला. आक्कांनी दोन-तीनदा भिंतीवरून डोकावून विचारलंसुद्धा, मालक बरं हायत नव्हं?

एवढं भरभरून कौतुक झाल्यावर नानासाहेब थांबतात कसले. रसिकांच्या आग्रहास्तव त्यांनी महिन्याभरात पुन्हा प्रयोग लावला. रसिकांपैकी कुणी आग्रह केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सगळं होतं तसंच होतं: मोर, ताट, विडा, मिशी. फरक एकच, त्या सकाळी अप्पांनी मटणावर ताव मारला. आई बघतच राहिली.

पहिली दोन वाक्यं अप्पांनी नेहमीसारखी म्हटली. तिसरं म्हटलंच नाही. नानासाहेबांनी तलवार खुपसली आणि ते वळून आत जायला निघाले, कारण मागं धप्प होणार हे त्यांनी गृहीत धरलेलं असे. धप्प झालं नाही. ते वळले. अप्पा भाला धरून उभे होते. गुरुजींना वाटलं नानासाहेब वाक्य विसरले, म्हणून त्यांनी विंगेतून खड्या आवाजात सांगितलं, ‘मर, रायनाका!’ नानासाहेबांनीही म्हटलं, ‘मर, रायनाका!’ आणि पुन्हा तलवार खुपसली. अप्पा हलले नाहीत. मग नानासाहेब दातओठ खाऊन हळूच बोलले, पण वर माइक लोंबत होता आणि सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. ‘पड की रं.’

‘पडतो की,’ अप्पा म्हणाले. त्यांचा तो विहारातला आवाज. ‘आजवर पडलोच न्हवं का, साहेब? एवढंच सांगा, माझा सूड कोण घ्यायचा हाय?’

सभागृहात कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. माझ्या शेजारी आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता. नानासाहेबांनी विंगेकडे पाहिलं. गुरुजी पुस्तकाची पानं उलटत होते. बिचाऱ्यांना खरंच वाटलं असावं की उत्तर आत कुठंतरी असेल. शेवटी नानासाहेब मिशीवरचा हात सोडून म्हणाले, ‘आरं, नाटकात तुझा सूड न्हाय.’

‘मग मी मरत न्हाय,’ अप्पा म्हणाले. तिवईपाशी गेले, ताटातला विडा उचलला, तोंडात घातला आणि चघळत चघळत स्टेजच्या पायऱ्या उतरून आमच्या रांगेपाशी आले. ‘चला,’ म्हणाले. आम्ही उठलो. मागं काय झालं ते पुढं गुरुजींनीच गावभर सांगितलं. राजपुत्र ठरल्याप्रमाणे केस उडवत आला, ओलांडायला प्रेत नव्हतं तरी सवयीनं त्यानं पाय उंच टाकला, आणि प्रतिज्ञेच्या वेळी रिकामं ताटच उचललं. टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या. प्रेक्षकांविषयी माझं मत तेव्हापासून बदललेलं नाही.

अप्पा अंगरखा, पागोटं आणि भाल्यासकट बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, ‘पावणं, भाला तेवढा आडवा धरा, पोरांच्या डोळ्यात जाईल.’ उचगावच्या पुढं आल्यावर आई एवढंच म्हणाली, ‘कापडं त्यांची हायत. नोकरी बी त्यांचीच हाय.’ अप्पा म्हणाले, ‘व्हय.’ माझा बाप शूर होता असं मी म्हणणार नाही. घरी आल्यावर त्यांना दोनदा उलटी झाली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवून त्यांच्याबरोबर पतसंस्थेत गेले. कापडांचं गाठोडं त्यांच्याकडे, भाला माझ्याकडे. नानासाहेब केबिनमध्ये होते. दार उघडंच होतं आणि बाहेर सगळे कारकून कामात असल्याचं नाटक करत होते, तेसुद्धा मंडळाइतकंच वाईट. ‘रायनाक, आत ये,’ नानासाहेब म्हणाले. अप्पा दारातच थांबले. ‘रायनाक, ऐकू येत न्हाय व्हय?’ अप्पांनी मान वर केली नाही, पण हललेही नाहीत. मग नानासाहेब गप्प झाले. तेव्हा अप्पा आत गेले, गाठोडं टेबलाच्या काचेवर ठेवलं आणि सोडून एकेक कापड बाजूला मांडलं. आईनं ती रात्रीतून धुऊन वाळत घातली होती, अजून ओलसर होती.

‘अंगरखा, पागोटं, शेला. भाला पोरीकडं हाय,’ अप्पा म्हणाले. ‘ह्यात रायनाक समदा आला, साहेब. बघून घ्या. मी महादेव कांबळे.’

नानासाहेबांनी आधी अप्पांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. एखादा खलपुरुष अशा वेळी काहीतरी जबरदस्त बोलला असता. ते म्हणाले, ‘भाला कोपऱ्यात ठेव.’

महिन्याच्या आत अप्पांची बदली राधानगरीच्या शाखेत झाली. नोकरीवरून काढलं नाही, कारण काढायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि शिपाई स्टेजवर मेला नाही हे कारण कागदावर बरं दिसलं नसतं. मंडळानं रायनाकसाठी दुसरा माणूस शोधला. गावात कुणी मिळेना. ज्याला विचारतील तो हसून म्हणायचा, माझा सूड कोण घेणार ते आधी सांगा. पुढं केबल घरोघरी आली, मंडळ आपोआप बसलं, आणि लोक आता म्हणतात की कोल्हापूरची रंगभूमी दूरदर्शनच्या मालिकांनी मारली. म्हणू देत.

राधानगरीच्या पावसानं दोन पावसाळ्यांत अप्पांची छाती पार खराब केली. धरणाच्या वरच्या अंगाला एका खोलीत एकटेच राहायचे, हातानं भात शिजवायचे, शनिवारी संध्याकाळी भिजलेल्या छत्रीसह घरी यायचे. पहिल्याच शनिवारी आले तेव्हा त्यांची चप्पल कुजल्यासारखी झाली होती आणि खोकला थांबत नव्हता. आईनं चुलीपुढं त्यांचे पाय शेकायला घेतले आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. नानासाहेबांना शिव्या घातल्या, ते नाटक लिहिणाऱ्या कारकुनाला घातल्या, मला तर दोनदा घातल्या. शेवटी अप्पांना म्हणाली, ‘सांगा की, काय मिळालं एवढं करून?’

अप्पा बराच वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, ‘पहिल्या दिवशी मॅनेजरनं कांबळे म्हणून हाक मारली. मी मागं वळून बघितलं, कोण आलंय म्हणून.’